नंदूच्या वतीनं

शनवारा, बुरहानपूर
सोमवार, दि. १७ नोव्हेंबर १९५८

लीलाधरभाऊंस,

प्रभाकरचा नमस्कार. इकडे सगळे बरे आहेत. तुमची केळी यंदा चांगली निसवल्याचं तुमच्या दगा गड्याकडून कळलं. तो शनिवारी बाजाराला आला होता.

दुसरंही त्याच्याकडूनच कळलं. भाऊबीजेला गोदावहिनींना तुम्ही माहेरी धाडलं आणि परत येऊ नको म्हणून सांगितलं. खरं का, असं विचारत नाही. दगा खोटं बोलणारा नाही.

मागच्या महिन्यात मी तुकईथडला तुमच्याकडे आलो. तुमच्या नंदूच्या अस्थी दिल्या, ट्रंक दिली, चहा घेतला. तुम्ही विचारलंत, "ते शहर कसं होतं हो?" मी म्हणालो, "मोठं आहे." ते काही उत्तर नव्हे. आज नीट लिहितो.

आम्ही मँचेस्टरला उतरलो ते ७ ऑक्टोबर १९५७ ला, दुपारी तीन वाजून वीस मिनिटांनी. तुम्हाला आलेल्या पत्रात आठ तारीख आहे, ती चूक आहे. दुपार असून रस्त्यावर दिवे लागलेले. इमारती काळ्या, मला वाटलं दगडच काळा, म्हणून बोट फिरवून पाहिलं, तर काजळी निघाली. होस्टेलच्या खिडकीतून मिलच्या अकरा चिमण्या दिसत. माणसं भरभर चालत, आणि कोणी कोणाशी बोलत नसे. नंदूनं हवा हुंगली नि म्हणाला, "काका, हा तर आपल्या बुरहानपूरच्या लालबाग मिलचा वास." खरंच तोच होता, तेलाचा आणि कापसाच्या तुसाचा. तेवढ्यावर तो पोरगा खूश झाला.

आम्ही पाच जण. मिलकामाच्या सरकारी कोर्सला अर्ज केले तेव्हा आमची राजधानी नागपूर होती, निवडीची पत्रं आली ती भोपाळहून. नवं राज्य झालं म्हणून ग्वाल्हेरचे दोघे, रीव्याचा एक आणि आम्ही दोघे एका बोटीत बसलो; एरवी एकमेकांचं तोंड पाहिलं नसतं. ते विशीतले, शिकलेले. मी चव्वेचाळीसचा, मिलमधला फिटर, शाळा चौथीपर्यंत. इंग्रजी मी डिक्शनरीवरून शिकलो, सात वर्षं, कोणाची शिकवणी न लावता. ग्वाल्हेरचा प्रकाश पहिल्याच दिवशी जेवताना म्हणाला, "मास्टरजी, आप अंग्रेज़ी किताब से बोलते हैं, ये लोग मुँह से बोलते हैं." सगळे हसले. नंदूही हसला, मग माझ्याकडे बघून ताटात पाहू लागला.

हे सांगतो कारण तिसऱ्या दिवशी डॉक्टर आला.

होस्टेलच्या हॉलमध्ये टेबल मांडलं होतं. एकेकाला बोलावून प्रश्न विचारत. दुखण्याला जो हो म्हणेल त्याच्या छातीची एक्स-रे प्लेट काढत. नंदूला तिथल्या लोकांचं बोलणं समजेना, म्हणून मी शेजारी उभा राहिलो. अर्धं मलाही समजत नव्हतं, पण ते मी कोणाला दिसू दिलं नाही. डॉक्टरनं विचारलं, खोकल्यातून कधी रक्त पडलं का? हा प्रश्न नंदूला समजला. त्यानं माझ्याकडे पाहिलं. त्यानं तोंड उघडायच्या आत मी म्हणालो, "नो सर. नेव्हर." डॉक्टरनं पुन्हा त्यालाच विचारलं, "खरं का?" मोठ्या माणसाचं बोलणं चारचौघांत खोडायचं नाही, हे तुमच्या घरचं वळण. त्यानं मान हलवली.

रक्त पडलं होतं, भाऊ. पहिल्यांदा बोटीवर पडलं, एडन सोडल्यावर दुसऱ्या सकाळी. रुमाल त्यानं मलाच दाखवला. "काका, आईला फक्त खोकला ठाऊक आहे, हे नाही. मला परत पाठवतील का?" मी म्हणालो, खाऱ्या वाऱ्यानं घसा सोलला असेल, मिठाच्या गुळण्या कर. असं मी ठासून बोललो. पण माझा थोरला भाऊ, कडू नावाचा, याच दुखण्यानं, क्षयानं गेला. तो रंग मला ओळखू येतो.

नंदूची एकवीस पूर्ण नव्हती. फॉर्मवर पालक म्हणून माझी सही होती, आणि त्याला परत पाठवलं तर पालकानंही परतायचं असा नियम होता. परत गेलो तर ग्वाल्हेरचे हसले असते, हे एक. खरं कारण हे दुसरं. मला परतायचं नव्हतं.

आणि पाठवलंही नसतं. रीव्याचा मुलगा खोकल्याला हो म्हणाला. त्याच्या प्लेटवर डाग निघाला. पाच महिने दवाखान्यात ठेवलं, सुया दिल्या, गोळ्या दिल्या. चांगला भरून आला, कोर्स पुरा करून आमच्याच बोटीनं परतला. औषध तिथे होतं. नंदूला ते जानेवारीच्या शेवटी सुरू झालं, तोवर छातीच्या दोन्ही बाजू गेल्या होत्या. दवाखान्यात विचारलं, कधीपासून? मी शेजारच्या खुर्चीवर होतो. तो म्हणाला, "जानेवारीपासून." १२ फेब्रुवारीला सकाळी सहा दहाला तो गेला.

मागच्या महिन्यात तुमच्या अंगणात, गावच्या चौघांसमोर, दवाखान्याचा कागद मीच वाचला. शब्द न् शब्द मराठीत करून सांगितला: आजार वर्षाहून जुना. तुम्ही वहिनींकडे वळून म्हणालात, "तुला ठाऊक होतं. काढे करून पाजत होतीस, मला बोलली नाहीस." त्या म्हणाल्या, "खोकल्याचा काढा कोण नाही पाजत?" मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. नंदूबरोबर मी होतो, मी काही बोलेन असं त्यांना वाटलं असणार. मी कागदाची घडी घालत बसलो.

लपवलं ते मी. वहिनींना रक्ताचं काही ठाऊक नव्हतं.

येत्या रविवारी, २३ तारखेला, सकाळच्या मोटारीनं मी तुकईथडला येतो. त्याआधी तुम्ही स्वतः जाऊन त्यांना घरी आणा. दगाला पाठवू नका. ज्या चौघांसमोर तुम्ही त्यांना बोललात त्या चौघांना बोलवा. मी हे सगळं तिथे उभा राहून सांगेन, वहिनींच्या देखत. पुढे तुम्ही मला जे बोलाल ते ऐकून घेईन, उलट उत्तर देणार नाही. वहिनी घरात नसतील तर मी वेशीवर थांबेन, त्या येईपर्यंत.

पत्राच्या शेवटी 'आपला' लिहायची रीत आहे. ते लिहिण्याचा हक्क मला नाही.

प्रभाकर