जिन्यातली सैल पायरी

लडलो गाव, बाजाराचा दिवस

धाकट्या बहिणीस, विनीस, थोरल्या एडनाचा आशीर्वाद.

घर मिळालं. चौकाला लागून, काळ्या तुळयांचं, जुनं. माझी खोली उबदार आहे, काळजी नको. तिकडे ग्रिम्सबीला तुझा गुडघा कसा आहे?

आता खरं सांगते. हे घर अंडीवाल्या बेडोबाईच्या लेकीला द्यायचं ठरलं होतं. मालकाने तसा शब्दही दिला होता. आपल्या क्लाइव्हने चढा भाव देऊन ते पळवलं. "आई, सह्या होईपर्यंत तोंडी शब्द कुणाला बांधत नाही, इथे असंच चालतं," म्हणतो. चालतं म्हणे! लाज सोडलेल्याला सगळंच चालतं.

आणि चांगली अंडी मिळतात ती बेडोबाईकडेच. आज मान खाली घालून गेले. वाटलं, चार शिव्या तरी हासडेल. तिने एकेक अंडं निवडून दिलं आणि म्हणाली, "मावशी, जिन्याची वरची पायरी सैल आहे हो, जपून. आमचा जावई नीट करणार होता."

विनी, मी पैसे मोजून दिले आणि घरी येऊन क्लाइव्हला पायरीचं सांगितलं.

क्लाइव्ह सुताराला बोलावत होता. मी म्हटलं, राहू दे ती तशीच. रोज पाय ठेवताना आठवण राहील तुला.

तू आलीस की जपून चढ.

तुझी,
एडना