बाबांच्या गुडघ्यावर बत्ता

ट्यूनिस, ३ मार्च

चि. तौहामी यास अ. उ. आ.

तुझं पत्र वाचून कपाळावर हात मारला. अर्धांगाच्या झटक्यातून उठलेल्या माणसाच्या गुडघ्याखाली हरिसाच्या मिरच्या कुटायच्या बत्त्यानं टोले काय देता! पाय उडाला म्हणून शेजारणींनी आनंदानं जीभ नाचवत लुलुकारे काय केले, आईनं दर्ग्यावर कुसकुसची परात काय नेली! डोकी गहाण टाकलीत का रे सगळ्यांनी?

नीट वाच. स्नायूच्या आत ताण ओळखणारे बारीक पहारेकरी असतात. टोल्यानं स्नायू झटकन ताणला की ते पाठीच्या कण्याला वर्दी देतात आणि तिथूनच परस्पर हुकूम सुटतो, आखड. मेंदूला कुणी विचारत नाही. तुझाही पाय उडतो, पण मेंदू वरून लगाम धरतो. बाबांचा तो लगाम सुटलाय, म्हणून पाय जास्तच उडतो. बरं झाल्याची खूण नव्हे ती!

हमाममधला मालिशवाला हिसके देतो तेही बंद कर. हिसक्यानं पाय आणखी आखडेल. सावकाश ताणायचा आणि धरून ठेवायचा. काठी काढून घेऊ नका. आईला सलाम.

तुझी वैतागलेली ताई,
नझीहा

महदिया, १६ मार्च

ती. ताईस सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचायच्या आदल्याच दिवशी बाबा काठी टाकून बंदरावर निघाले. पुन्हा होडीवर चढायचं, एवढंच वेड. पायरीवर चवडा टेकताच पाय थडथड उडायला लागला आणि बाबा कोसळले. कपाळाला टाके पडलेत. आता रागावून भिंतीकडे तोंड करून पडलेत. पाय दगाबाज आहे, म्हणतात. तू सांगितलंस तसं मी रोज करतो आणि रोज शिव्या खातो. माझ्यावर तरी चिडू नकोस गं, लोभ असू दे.

तुझा,
तौहामी

महदिया, २ एप्रिल

चि. नझीहास आशीर्वाद.

तौहामीकडून लिहवून घेतोय. आधी तुझ्यावर रागावलो होतो. बापाचा आनंद पत्रानं मोडतात का? पण गुडघ्यावर बत्ता बसायचा तेव्हा पाय उडायचा खरा, मला मात्र त्यातलं काहीच करावं लागत नव्हतं. ते खटकायचं.

आज तौहामीनं पाऊल तळहातावर धरून हळूहळू वर दाबलं. बराच वेळ तसंच धरलं. पाय सैल पडला, तेव्हा म्हणाला, हलवून बघा. अंगठा हलला, जरासाच. तो मी हलवला, पोरी.

तुझा बाप