'अनोळखी महिला' या नोंदीबाबत

प्रति,
मा. प्रभारी अधिकारी,
मैदानाजवळील पोलीस चौकी, पुणे

अर्जदार : दशरथ ओव्हाळ, निवृत्त कामगार, रा. विश्रांतवाडी, पुणे

विषय : माझ्याबद्दलच्या नोंदीतील दोन चुका दुरुस्त करण्याबाबत.
संदर्भ : आपल्या चौकीतील दि. ८ फेब्रुवारी २०२५ ची नोंद.

महोदय,

१. वरील नोंदीत असे लिहिले आहे की, "सदर इसम दारूच्या नशेत, रॉक संगीताच्या कार्यक्रमात आरडाओरडा करून प्रेमला नावाच्या अनोळखी महिलेस हाका मारत होता." आरडाओरडा केला व हाका मारल्या, हे मला मान्य आहे. बाकीचे खरे नाही.

२. मी दारू पीत नाही. पंचशीलातले पाचवे शील मी आजवर मोडलेले नाही. माझी पत्नी दोन महिन्यांपूर्वी वारली. मी घरात नुसता बसून असतो म्हणून मुलगी पूर्वा मला या कार्यक्रमाला घेऊन गेली. ती पाणी आणायला गेली असताना पुढचा प्रकार घडला.

३. माझी सारी नोकरी कारखान्यात पत्र्याच्या प्रेस मशीनवर झाली, त्यामुळे मोठ्या आवाजाची सवय आहे. पण मशीनचा आवाज कानाशी थांबतो. हा पायातून चढला आणि छातीत जाऊन बसला. सुरुवातीला गिटार वेगळी, ड्रम वेगळा असे कळत होते. मग गिटारवर गिटार, त्यावर आणखी काही, असे थर चढत गेले आणि कोण काय वाजवतो ते कळेनासे झाले. अंगातला शर्ट थरथरत होता. डोक्यात विचाराला जागाच उरली नाही. तोंड केव्हा उघडले ते मला माहीत नाही. माझा आवाज मला ऐकू येत नव्हता, म्हणून तो कोणालाच येत नसेल असे वाटले. पत्नी होती तोवर मी तिला कधी नावाने हाक मारली नाही. "अगं" म्हणण्यावरच संसार झाला. तिथे मात्र नावाने मारली, पुन्हा पुन्हा मारली. गाणे एकदम थांबले. मी थांबलो नव्हतो. सगळे वळून बघायला लागले. त्याची लाज अजून जात नाही.

४. माझे पाय लटपटत होते, म्हणून आपल्या हवालदारांनी मला धरून चौकीत आणले. त्यांनी विचारले, "काका, ही प्रेमला कोण? काकूंना माहीत आहे का?" मला उत्तर देता आले नाही. त्यांनी ते नशेचे लक्षण धरले. पूर्वा शोधत येईपर्यंत नोंद झाली होती.

५. ही गोष्ट वस्तीत पोचली. पत्नीने महिला मंडळातर्फे वस्तीतला दारूचा गुत्ता बंद पाडला होता. मंडळाच्या आम्रपालीताई दारात येऊन म्हणाल्या, "दाजी, प्रेमलाने सगळ्या वस्तीची दारू सोडवली आणि घरातलीच राहिली होय?" येत्या रविवारी विहारात तिची शोकसभा आहे. तिथे खरे सांगायचे तर, साठी उलटलेला माणूस पोरांच्या गर्दीत बायकोच्या नावाने ओरडत होता, हे सांगावे लागेल. ते माझ्याने होत नाही. आपल्या शिक्क्याचा कागद मिळाला तर तो दाखवता येईल.

६. तरी "दारूच्या नशेत" व "अनोळखी" हे शब्द खोडावेत, ही विनंती. नियमाप्रमाणे एकच दुरुस्ती होत असेल, तर तिने दारूचा शब्द खोडायला सांगितले असते, हे मला ठाऊक आहे. सभेतही त्याचाच उपयोग आहे. पण मी "अनोळखी" खोडावे असे म्हणतो. तिथे "पत्नी, मयत" असे लिहावे.

उत्तराची वाट पाहणारा,
दशरथ ओव्हाळ
दि. १२ फेब्रुवारी २०२५

सोबत : तिचा मृत्यू दाखला. रेशनकार्डाची प्रत, त्यात दोघांची नावे आहेत.