मोटारीच्या मागच्या चाकाच्या सहा खुंट्या

गिरगाव, मुंबई
आश्विन वद्य प्रतिपदा, शके १८२१

तीर्थस्वरूप अण्णांच्या पायांशी धाकट्या कमलाकांताचा साष्टांग नमस्कार पोचावा. देवीच्या कृपेने आम्ही सगळे हातीपायी धड आहोत, गाठीच्या तापाने यंदा आमची गल्ली वगळली आहे, आणि तुमच्या गुडघ्याची चौकशी घरात रोज होते. वहिनींनाही नमस्कार. पावसाने पाठ फिरवली, तेव्हा अलिबागेस विहिरींना पाणी राहिले आहे की नाही तेही कळवावे.

आमचे शेठ द्वारकेस गेले आहेत हे तुम्हांस ठाऊक आहेच. पक्के वैष्णव भाटिये. परळच्या बंगल्याच्या फाटकातून कांदासुद्धा आत येत नाही, मग बाकीच्या जिन्नसांचे नावच नको. जाताना आपली नवी बिनघोड्यांची गाडी, म्हणजे मोटार, त्यांनी माझ्या हवाली केली. पंचमीला परत येईन, तेव्हा गाडी आज आहे तशीच दिसली पाहिजे, नाहीतर तुमची अठरा वर्षांची कारकुनी तिथेच संपली, असे त्यांनी हसत हसत सांगितले (शेठ हसले की आम्ही सगळे घाबरतो). अण्णा, ही गाडी एकदा पाहाच. पोटात तेल पेटते, साखळ्या मागच्या चाकांना ओढतात, आणि पुढे कोणीही जुंपलेले नसताना सगळे धूड चालू लागते. पहिल्यांदा तिच्यापुढे उभा राहिलो तेव्हा मी नकळत वहाणा काढल्या होत्या. ती हाकणारा कुशाबा वीस वर्षे शेठच्या घोड्यांवर होता. गाडी थांबवताना तो अजून तोंडाने चुचकारतो, आणि गाडी थांबतेही, त्यामुळे त्याला कोण काय सांगणार?

खंडेनवमीला गाडीची पूजा करावी असा शेठचा हुकूम. म्हणून अष्टमीला मी तिला नीट निरखले, तर मागच्या उजव्या चाकाच्या तुंब्यातून, म्हणजे मधल्या गड्ड्यातून, सहा मळसूत्री खुंट्या बाहेर आलेल्या आणि त्यांवरचे सहा नट काळेकुट्ट. या सहांवर चाक उभे असते, एवढेही मला तेव्हा कळत नव्हते. देवीपुढे असल्या तोंडाने जाणे बरे दिसेना. नट काढून रुमालात बांधून घरी आणले, आणि तुमच्या भावजयीने, राजलक्ष्मीने, देवाच्या उपकरणांबरोबर चिंच आणि राख लावून ते असे घासले की त्यांत माझी मिशी दिसू लागली. सकाळी ते परत बसवले. पान्याने आवळले असते तर चकाकी खरवडली गेली असती, म्हणून बोटांनीच आवळले. कसूर केली नाही, अंगठा सुजला होता.

पूजेआधी गाडीला थोडे पाय मोकळे करू द्यावेत म्हणून कुशाबाने तिला लालबागेपर्यंत नेले, मी शेजारी. वाटेत मागून खडखड ऐकू येऊ लागली. कुशाबा म्हणाला, भुकेली असेल. लालबागेस पोचेतो चाक फुगडी घालू लागले, आणि गाडी एका कुशीवर टेकली. उतरून पाहतो तो दोन नट वाटेतच कुठे तरी पडलेले, तीन खुंट्या मुळापासून तुटलेल्या, आणि उरलेल्या तिघींच्या मळसूत्राच्या आट्या सपाट. इंजिनाची सारी ओढ मागच्याच चाकांवर. पुढचे असते तर कदाचित निभावले असते. माझ्या डोळ्यांपुढे पंचमी उभी राहिली.

लालबागेत गिरण्यांचे फिटर काय थोडे आहेत? पण दिवस खंडेनवमीचा. ज्याच्या दारात जावे त्याची हत्यारे पाटावर मांडलेली, हळदकुंकू वाहिलेले, वर झेंडूची माळ. पूजेला बसलेले हत्यार दसरा उजाडेपर्यंत हलवायचे नाही. रीत मलाही मोडवेना. मी प्रत्येक ठिकाणी नमस्कार करून, प्रसाद घेऊन परत आलो. सहाव्या घरानंतर पोट भरले होते आणि आशा संपली होती.

तेवढ्यात हरेश्वर आला. शीव कोळीवाड्याचा, गोदीत आगबोटींच्या इंजिनांवर फिटर, खांद्यावर हत्यारांची पिशवी. मी दुरूनच म्हटले, बाबा, तुझीही पूजेला असतील. तो म्हणाला, "आमची पूजा नारली पुनवेला झाली, बोटीबरोबर. आमची हत्यारां मोकली हान." अण्णा, मला त्याच्या पाया पडावेसे वाटले.

मग त्याने जे केले ते मी जन्मात विसरणार नाही. ओंडका आणि वल्हे लावून गाडी उचलली, चाक उतरवले, तुंब्यात अडकलेली तुटकी बुडे तेल सोडून मागच्या बाजूने ठोकून काढली. (तो त्यांना 'इष्टड' म्हणतो.) पिशवीतून आगबोटीच्या इंजिनाच्या जुन्या पोलादी खुंट्या आणि काही कोरे नट काढले. शाबूत बुडावर डोळे मिटून अंगठा फिरवला, आणि त्याच मापाच्या सहा नव्या कानशीने उतरवल्या, वर आट्या पाडल्या. फूटपट्टी नाही, कागद नाही. मी अठरा वर्षे कागदावर रेघा ओढतो आहे आणि माझी एकही इतकी सरळ आली नसेल. मागून खुंट्या बसवल्या, चाक चढवले, नवे नट पान्याने आवळले: एक इकडचा, मग त्याच्या समोरचा, पुन्हा पहिला. शेवटी प्रत्येकीवर हातोडीने टिचकी मारून कान लावला. सहाही एकाच सुरात बोलल्या. तेव्हा माझ्या अंगावर काटा आला, हे लिहिताना लाज वाटत नाही.

मजुरी विचारली तर मान हलवली. म्हणाला, "माझे आयेला एकडाव या गारीतून बाजारात न्या." त्याची आई सखुबाई तीस वर्षे डोक्यावर पाटी घेऊन शिवेहून लालबागेस चालत येते. मी काय नाही म्हणणार?

दसरा आणि एकादशी उरकून द्वादशीच्या सकाळी आम्ही कोळीवाड्यात गेलो. सखुबाई सगळे सोने घालून तयार, शेजारी भरलेली पाटी: हलवे, बोंबील, कोलंबी. मी म्हटले, पाटी पायाशी ठेवा. तिने माझ्याकडे असे पाहिले की मी खाली पाहिले. मासळी म्हणजे लक्ष्मी, पायाशी कशी ठेवायची? पाटी शेठच्या चामडी गादीवर, त्यांच्या जागी बसली. दादरपर्यंत सखुबाई पाटीची कड धरून बसली. मग तिने हळूच हात डोक्यावर नेला, जिथे पाटी असते तिथे, आणि म्हणाली, "डोका हलका लागतंय रं बाबा." माझे डोळे भरून आले. गाडी कशी चालते याचे नवल मला रोज वाटते. ती कोणासाठी चालावी हे त्या दिवशी कळले. यातून नोकरी गेली तरी पश्चात्ताप नाही, हे छातीठोकपणे लिहितो.

मोठ्यांस नमस्कार, लहानांस आशीर्वाद, कृपा असावी.

आपला
कमलाकांत

ता. क. : चाकाची काळजी उरली नाही, काळजी गादीची आहे. पाटी ठिबकत होती. गादी रिठ्याने तीनदा धुतली, ऊद फिरवला, पण वास गेला की नाही हे सांगणारे नाक सापडत नाही. राजलक्ष्मीला हुंगायला नेले तर ती म्हणाली, कोलंबी ताजी होती. आपल्या घरातल्या सगळ्यांना नेले. ज्याला त्याला नुसती भूक लागली. कुशाबाला घोड्यांपलीकडचा वास येत नाही. आपल्या साऱ्या कुळात गुरुमंत्र घेऊन मासळी सोडलेले तुम्ही एकटेच. तेव्हा गुडघ्याला फडके बांधा, पण चतुर्थीच्या आत मिळेल त्या होडीने निघून या आणि गाडी एकदा हुंगून जा.

दुसरी ता. क. : तुमच्यापासून काय लपवायचे? त्या दिवशी सखुबाईची एक कोलंबीसुद्धा विकली गेली नाही. मोटारीतून उतरणारी कोळीण भाव काय लावील या धास्तीने एकही गिऱ्हाईक जवळ फिरकले नाही. भर दुपारच्या उन्हात सगळी पाटी आम्ही त्याच गादीवरून परत शिवेला नेली. तेव्हा नाक जरा तयारीने आणावे.