गोऱ्ह्याच्या वाटचा चीक

प्रिय दादा,

फोन केला असता तर तू "थांब, वहिनीकडं देतो" म्हणून नेहमीसारखा सुटला असतास. शिवाय फोनवर मला रडू येतं, आणि रडणाऱ्या बहिणीचं बोलणं आपल्या घरात कुणी मनावर घेत नाही. म्हणून लिहितेय. शेवटपर्यंत वाच.

गेल्या गुरुवारी सकाळच्या एसटीनं तू पाठवलेला चिकाचा डबा पोचला. आई करायची तसा गूळ-वेलदोडा घालून मी खरवस केला आणि शनिवारी महाबळेश्वरला निघताना भरून घेतला. बरोबर अंकिता आणि अफसाना होत्या. आम्ही तिघी इथं सांगलीत विश्रामबागेतल्या एकाच शाळेत शिकवतो आणि वर्षातून एकदाच अशा बाहेर पडतो. मेढ्याच्या अलीकडं सावली बघून अंकितानं गाडी थांबवली. अफसानानं खरवसाच्या तीन वड्या खाल्ल्या. फौजेतून आल्यावर तू एकट्यानं गोठा कसा उभा केलास, जर्सी गाईंना पंखे कसे लावलेस, ते मी कौतुकानं सांगत बसले. ऐकून ऐकून दोघी कंटाळल्या असतील.

हात धुवायला ओढ्यात उतरले, तर रस्त्याखालच्या मोरीच्या तोंडाशी पेंडीचं एक पोतं हललं. कुत्र्याची पिल्लं असतील असं वाटलं. वास इतका येत होता की ओढणी नाकाला बांधून पोत्याचं तोंड सोडलं. आत जर्सीचा गोऱ्हा होता, नाळसुद्धा पुरती वाळली नव्हती. हंबरू नये म्हणून त्याचं तोंड सुतळीनं आवळलेलं. सुतळी कातडीत रुतली होती आणि तिच्यावर माश्या बसल्या होत्या. डोळ्यांच्या कडेला मुंग्या, मागचं अंग त्याच्याच घाणीनं माखलेलं. गाठ सुटेना, तेव्हा मी ती दातांनी तोडली. आज चार दिवस झाले, दहा वेळा चुळा भरल्या, ती चव तोंडातून जात नाही. टाकायचंच होतं तर टाकायचं, पण तोंड बांधायला बसलेल्या त्या माणसाच्या हातांची मला किळस येते.

अंकितानं आधी फोन काढला. त्याचं तोंड जरा वर धर म्हणाली, उजेड चांगला आहे म्हणाली. व्हिडिओ मनासारखा झाल्यावर तिला आठवलं की गाडीची सीट कव्हरं नवी आहेत. मी तिला नको ते बोलले, आणि बोलल्याचं वाईट वाटत नाही. शेवटी ओढण्या अंथरून गोऱ्ह्याला मागच्या सीटवर घेतलं. अफसाना त्याचं डोकं मांडीवर घेऊन हळूच म्हणाली, "कुणी गाडी अडवली तर तूच बोल गं. माझं नाव सांगू नको." वासरू वाचवायला निघालेल्या बाईला असलं भ्यावं लागतं, त्याचीही शिसारी आली.

मेढ्यात जनावरांच्या डॉक्टरांनी त्याच्या तोंडात बोट घातलं आणि म्हणाले, "कालचा असंल. ह्याला चीक पाजल्याला न्हाई. आत्ता पोटात गेला तर जगंल, न्हाईतर अवघड हाय." माझ्या पिशवीत खरवसाचा डबा होता. दवाखान्याच्या मागं जाऊन मी उलटी केली. आदल्या बुधवारी तूच फोनवर सांगितलं होतंस, "गाय व्याली, गोऱ्हा झाला, पण दगावला." त्यावर मी काय म्हणाले ते तुला आठवतंय का? मी म्हणाले, अरेरे, मग चीक तरी पाठव.

डॉक्टरांनी जवळच्याच रंगूबाईंकडं पाठवलं, त्यांची गाय आदल्याच दिवशी व्यालेली. त्यांनी काही न विचारता तांब्याभर चीक आणून दिला. "माझाबी गोऱ्हाच झाला. मालकांनी दिला न्हिऊन सोडून. त्येच्या वाटचा हाय, घाल ह्येला." आणि गोऱ्ह्याकडं पाठ करून उभ्या राहिल्या. "म्या न्हाई बगत. बगितलं की जेवान जात न्हाई. तुमी शेरातल्या दिसता, तुमास्नी न्हाई कळायचं." मी म्हणाले, हो, सांगलीच्या. गोठ्यात वाढलेली मी, शहरातली बाई होऊन मोकळी झाले. रंगूबाई निदान खरं बोलल्या.

आपल्याकडं गोऱ्हा झाला की दोन दिवसांत दिसेनासा व्हायचा आणि आबा म्हणायचे, मामाकडं दिला. उन्हाळ्याच्या सुट्टीत मामाकडं गेलो, तर त्याच्या दावणीला एकही गोऱ्हा नव्हता. मी नऊ वर्षांची होते, मला सगळं कळलं होतं. मी विचारलं नाही. खरवस मात्र दर वेळी मागून खाल्ला. म्हणून ही किळस एकट्या त्या सुतळीवाल्याची नाही.

तू काय म्हणशील ते मला पाठ आहे. जर्सीला वशिंड नाही, मानेवर जू बसत नाही, शर्यतीला पळत नाही, बाजारात कुणी हुंगत नाही, पोसायचा कुणी? सगळं खरं आहे. तुझी ओढाताण मी बघितलीय. पण ह्यातल्या कुठल्या कारणासाठी त्याला उपाशी ठेवून त्याच्या वाटचं आपण वाट्या भरभरून खातो, ते सांग.

तो जगलाय. महाबळेश्वर सोडून तिथूनच त्याला घेऊन परत फिरलो. आमच्या पार्किंगमध्ये खांबाला बांधलाय, अफसाना सकाळी बाटलीनं दूध पाजते, मी संध्याकाळी. सोसायटीनं रविवारपर्यंत मुदत दिलीय. बुधवारी आपला गोऱ्हा दगावला की सोडला, हे मी तुला विचारणार नाही. तू खोटं बोललास तर मला तुझीही किळस येईल, आणि मला भाऊ एकच आहे. रविवारी टेम्पोतून ह्याला घेऊन येतेय. त्याच गाईच्या सडाला त्याला तुझ्या हातानं लाव. ती लाथा झाडील, तू धरून उभा राहा, आणि तो मोठा होईपर्यंत सांभाळ. वैरणीचं मी बघेन. फाटक बंद दिसलं तर मी हाक मारणार नाही, टेम्पो वळवीन. मग बहीण हल्ली येत नाही का असं गावात कुणी विचारलं, तर काय सांगायचं ते तुझं तू ठरव.

अजून तरी तुझीच,
दीपमाला