मेलेल्या ताऱ्याला कूलर

कोहका, भिलाई

प्रिय धनंजयराव यांस उमाकांतचा सप्रेम नमस्कार.

तुमची प्रकृती, वहिनींचे गुडघे आणि वर्ध्याचं ऊन आटोक्यात असेल अशी आशा करतो. इकडची खुशाली अर्धीच कळवतो, कारण उरलेली अर्धी मागच्या आठवड्यापासून तुमच्याच घरी मुक्कामाला आहे. तुमच्या ताईनं माझ्याविषयी काय काय सांगितलं असेल त्याचा मला अंदाज आहे, आणि त्यातलं बरंचसं खरं आहे. पण आधी बातमी ऐका, रागवायचं ते मागाहून रागवा. आपल्या घरच्या कॉम्प्युटरनं तारा शोधला! साधासुधा नव्हे, जोडीनं राहणारा पल्सार!

पल्सार म्हणजे मेलेला तारा. आकारानं दुर्ग-भिलाई मिळून जेवढं होईल तेवढा, वजन मात्र सूर्यापेक्षा जास्त, आणि मेल्यावरही भोवऱ्यासारखा गरगरतो. प्रत्येक फेरीला त्याची एक टिकटिक दुर्बिणीला ऐकू येते (ऐकू म्हणजे आकड्यांत; तुम्ही गच्चीवर जाऊन कान लावू नका). एकटा असला तर टिकटिक सरळ चालते. पण जोडीदाराभोवती फिरत असला तर जवळ येताना ती घाईची होते आणि लांब जाताना संथ, जशी फाटकावरून जाणाऱ्या मालगाडीची शिट्टी बदलते. जोडीदार बहुतेक वेळा दिसतही नाही. ह्याची चाल बिघडली की समजायचं, घरात आणखी कोणीतरी आहे. आता तो जोडीदार केवढा, किती लांब, फेरी किती वेळाची, हे काहीच ठाऊक नसल्यामुळे प्रत्येक अंदाज मांडून पाहावा लागतो, आणि अंदाज इतके की मोठमोठ्या संस्थांचे कॉम्प्युटरही दमतात. म्हणून ते जगभरच्या लोकांना सांगतात, तुमचा कॉम्प्युटर रिकामा असेल तेव्हा आमचं थोडं गणित करून द्या. तुमचा भाचा सिद्धांत सुट्टीत आला होता तेव्हा त्यानं तो प्रोग्राम टाकून दिला, आणि रिटायर झाल्यापासून रिकामा बसलेला तुमच्या घरचा जावई एकदम कामाला लागला.

घोळ इथंच झाला. मी ब्लास्ट फर्नेसचा माणूस. भट्टी एकदा पेटली की वर्षानुवर्षं विझू द्यायची नाही, हे आमच्या हाडांत मुरलेलं. सेक्टर २चं क्वार्टर सोडून कोहक्यात आलो तरी हाडं तीच. मी घरात शिफ्टा लावल्या. ए शिफ्ट माझी, बी शिफ्ट रत्नमालाची. भाजी आणायला जायचं तर आधी दुसऱ्याच्या हाती चार्ज देऊन जायचं. मिक्सर लावला की व्होल्टेज पडतं, म्हणून चटणी पाट्यावर. कॉम्प्युटर तापतो, म्हणून कूलरचं तोंड त्याच्याकडे. (मे महिन्यात, भिलाईत. आता लिहिताना मलाही जरा विचित्र वाटतंय.) रत्नमाला एवढंच म्हणाली, "मेलेल्या ताऱ्याले कूलर अन् जित्या बायकोले पंखा?" मला वाटलं, कौतुक करून राहिली.

मग एका दुपारी तिचं भजनी मंडळ घरी जमलं. बाया घामानं निथळत होत्या. तिनं कूलर त्यांच्याकडे ओढला, तर वायर पुरेना. मग तिनं जवळच्या बोर्डातून कॉम्प्युटरचा प्लग उपटला आणि तिथं कूलरचा लावला. मी आतून आलो, काळा पडदा पाहिला आणि जन्माच्या सवयीनं गरजलो, "भट्टी कोनं बंद केली बे?" पेटी थांबली. शेजारच्या खुशबूबाईंनी टाळ खाली ठेवले. मी मात्र कूलरचा प्लग काढून कॉम्प्युटरचा पुन्हा लावायला धावलो. रत्नमालानं सगळ्यांना प्रसाद दिला, दारापर्यंत पोचवलं आणि बॅग भरली. "मी काही तुमच्या भट्टीवरची खलासी नाही. मी चालली धनंजयकडे. चार्ज कोनाले देऊ?" मी टेबलाखाली होतो.

आणि काल त्या संस्थेची मेल आली! आपल्या कॉम्प्युटरनं केलेल्या गणितात तो जोडीचा पल्सार निघाला. तेच गणित फिनलंडच्या एका बाईंच्या कॉम्प्युटरनंही केलं होतं, उत्तर जुळलं, दुर्बिणीनं पुन्हा पाहून खात्री केली. धनंजयराव, मी ह्या वयात घरभर नाचलो. नाचत नाचत सांगायला स्वयंपाकघरात गेलो, तर तिथं कोणी नव्हतं. एवढा मोठा आनंद आणि ऐकायला घरात माणूस नाही, ह्यासारखं वाईट काही नाही.

आता अडचण अशी. त्या प्रोग्रामचं खातं रत्नमालाच्या नावावर आहे (घरात मेल तिचीच, भजनी मंडळाच्या निरोपांसाठी सिद्धांतनं काढून दिलेली). शोध छापला जाईल तेव्हा त्यात तिचं नाव येणार. ते कसं छापायचं, एवढंच ते लोक विचारतात. मी परस्पर उत्तर देऊ शकलो असतो, पण उभ्या नोकरीत कधी दुसऱ्याची हजेरी लावली नाही, ती आता लावणार नाही. तरी तिला लगेच गाडीत बसवून द्यावं. काम विज्ञानाचं आहे, माझं काही नाही.

वहिनींना नमस्कार सांगा. गुडघ्यांना शेक चालू ठेवा म्हणावं.

तुमचा भाऊजी,
उमाकांत

ता. क. ते उत्तर वर्ध्याहून मोबाइलवरूनही देता येतं. हे तिला सांगू नका.

आणखी ता. क. ताऱ्याची बातमी सिद्धांतला फोनवर दिली, त्या भरात शिफ्टांचंही सांगितलं. तो पोट धरून हसला. "बाबा, बंद केला तरी कुछ नहीं होता! जिथं थांबलं तिथूनच पुढं सुरू होते." म्हणजे मी उगाच गरजलो. आज कॉम्प्युटर बंद केला आहे, माझ्या हातानं. कूलरचं तोंड तिच्या दिवाणाकडे वळवलं आहे. दिवाण रिकामा आहे, तरी चालू ठेवला आहे.

शेवटचं. जाताना तिनं विचारलं होतं, चार्ज कोणाला देऊ. तेव्हा उत्तर द्यायचं राहून गेलं. तिला म्हणावं, इथं चार्ज घ्यायच्या लायकीचं कोणी नाही.