निजामपुऱ्यातले घर आणि कोनचे दोन गुंठे

मी, पुतळाबाई नामा म्हात्रे, वय सदुसष्ट, अविवाहित, निवृत्त प्राथमिक शिक्षिका, राहणार निजामपुरा, भिवंडी, जिल्हा ठाणे, हे मृत्युपत्र माझ्या घरी, माझ्या हाताने लिहीत आहे. डोळ्यांचे ऑपरेशन झाले आहे, कानाला नीट ऐकू येते आणि डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. माझ्यावर कोणाचा दाब नाही. दाब आणणारे बहुतेक जण माझ्याआधी गेले. पुढच्या महिन्यात हृदयाच्या झडपेचे ऑपरेशन ठरले आहे, म्हणून हे काम आधी उरकते. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही.

१. या मृत्युपत्राची अंमलबजावणी मेहरीन लतीफ बुबेरे हिने करावी. मेहरीन ही माझी मैत्रीण जाहिदा हिची मुलगी. जाहिदा आणि मी मिळून 'वळचण बालसंरक्षण संस्था' सुरू केली. जाहिदा गेल्यापासून ती मेहरीन चालवते. लूमच्या गल्लीत आई-बाप शिफ्टला गेले की मुले दिवसभर कारखान्याच्या दारात बसत, त्यांतली थोडी मोठी झाली की आत मागासाठी सुताची कांडी भरायला बसत. त्यांना आमच्या खोलीत बसवावे, जेवू घालावे, शाळेत घालावे, एवढ्यासाठी संस्था निघाली होती. मारहाण, मजुरी, लग्ने यांच्या तक्रारी पुढे आपोआप आल्या.

२. निजामपुऱ्यातले माझे दुमजली घर माझ्या पगारातून घेतलेले आहे. ते संस्थेला देत आहे. खाली मुलांचे केंद्र आहे तसेच राहावे. वर मेहरीनने कार्यालय करावे, म्हणजे तक्रार घेऊन आलेल्या बाईला मुलांच्या गोंगाटात बोलावे लागणार नाही. घर विकू नये, बिल्डरला देऊ नये. दारावर माझ्या नावाची पाटी किंवा भिंतीवर माझा फोटो लावू नये. देणगीदारांसाठी मुलांचे चेहरे दिसतील असे फोटो काढू नयेत. एक साहेब मला म्हणाले होते, "मॅडम, चेहरा दिसल्याशिवाय लोकांना दया येत नाही." त्यांची देणगी आम्ही घेतली नाही, आणि त्या वर्षी पंख्याशिवाय काढले.

३. लोखंडी कपाटात प्रकरणांच्या फायली आहेत. त्या मेहरीनखेरीज कोणी उघडू नयेत. पत्रकार, अभ्यासक, पुढारी, कोणीही आले तरी नाही. मुले आता मोठी झाली आहेत. त्यांच्या बायकांना, नवऱ्यांना काय सांगायचे ते त्यांचे ते ठरवतील.

४. एक लूममालक दर चौदा नोव्हेंबरला केंद्रात मिठाईचा डबा पाठवतात. त्यांच्या कारखान्यातून आम्ही तीन वेळा मुले सोडवली आहेत. माझ्यामागेही डबा येईल. तो परत पाठवावा. नाव लिहीत नाही, मेहरीनला ठाऊक आहे.

५. बँकेतली ठेव संस्थेला. त्यातून फक्त एक खर्च करावा: बालकल्याण समितीपुढे किंवा कोर्टात जाणाऱ्या मुलाबरोबर संस्थेची एक बाई जावी, तिचे जाणे-येणे आणि त्या दोघांचे जेवण. मूल एकटे बाकावर बसलेले असू नये.

६. ही अट घराइतकीच महत्त्वाची आहे. संस्थेने कोणतेही प्रकरण तोंडी समजुतीवर मिटवू नये. तक्रार लेखी करावी आणि पोच घ्यावी.

अटीचे कारण लिहून ठेवते. २००३ साली आमच्या केंद्रात येणाऱ्या चौदा वर्षांच्या मुलीचे लग्न ठरले. तिचे नाव संस्थेच्या नियमाप्रमाणे इथे लिहीत नाही. मी तिच्या घरी गेले. तिचा बाप लूमवर कामाला होता. तो माझ्या पायाशी बसला आणि म्हणाला, "मॅडम, पुलिस मत बुलाओ, बेइज्जती हो जाएगी. आप बोलती हैं तो नहीं करेंगे." मी विश्वास ठेवला. खरे सांगायचे तर अर्ज लिहिण्याचा कंटाळाही होता. परीक्षांचे दिवस होते. आठवड्यात कुटुंब गावी गेले. पुढच्या वर्षी त्यांच्या शेजारणीने सांगितले की ती बाळंतपणात गेली. बाळही गेले. मी केंद्राच्या हजेरीपटावर तिच्या नावापुढे काय लिहायचे ते जाहिदाला विचारले. ती म्हणाली, "रकाना रिकामा ठेव. दिसू दे."

७. कोन येथील वडिलोपार्जित जमिनीत माझा हिस्सा होता. बाकी सगळ्यावर मी हक्कसोड दिली. रस्त्याला लागून असलेले दोन गुंठे तेवढे माझ्या नावावर ठेवले. त्यांवर माझा धाकटा भाऊ चांगदेव याचे पत्र्याचे गोडाऊन उभे आहे. हे दोन गुंठे मी चांगदेवला देत नाही. ते त्याची मुलगी पूर्वी हिला देत आहे. जागा तिच्या एकटीच्या नावावर व्हावी. बापाचे नाही, नवऱ्याचे नाही. गोडाऊनचे काय करायचे ते ती ठरवील.

चांगदेव आणि मी २००९ च्या मे महिन्यापासून बोलत नाही. कारण असे. पूर्वीला पहिलीत माझ्याच शाळेत घातले होते. कोनवरून रोज माझ्या वर्गातल्या दोघींबरोबर रिक्षाने यायची. पटावर तिची जन्मतारीख माझ्या अक्षरात आहे. ती पंधरा वर्षांची असताना चांगदेवने तिचे लग्न पडघ्याच्या भावेशशी ठरवले. मला पत्रिका आली. मी कोनला जाऊन त्याला म्हटले, "तीन वर्षं थांब. मुलगा चांगला आहे तर तोही थांबेल."

तो म्हणाला, "आक्का, तुजी संस्था भिवंडीत. कोनला माजं घर हाय."

मी परत आले. जाहिदाने चहा टाकला आणि एवढेच विचारले, "मुलगी लूमच्या गल्लीतली असती तर?" मी त्याच बैठकीत अर्ज लिहिला. हळदीच्या दिवशी दुपारी चार वाजता पोलीस मांडवात गेले. डीजे बंद झाला. जेवणे वाढलेली होती. मी अर्जदार म्हणून सोबत होते. माझ्या वहिनीने तोंड फिरवले. चांगदेव पानांवरून माश्या हाकत उभा राहिला.

समितीपुढे पूर्वी उभी राहिली. हातांवर हळद होती. ती म्हणाली, "आत्या खोटं बोलते. मी अठराची हाय." अध्यक्षांनी शाळेचा दाखला पुढे केला. घरचे लग्न पुन्हा लावतील असे वाटल्याने समितीने तिला मुलींच्या बालगृहात ठेवले. बापाने हमीपत्र लिहून दिल्यावर चाळीस दिवसांनी ती घरी गेली. पुढे ती बारावी झाली, आणि एकोणिसाव्या वर्षी तिने त्याच भावेशशी लग्न केले. मला बोलावणे नव्हते. ती पडघ्याला आहे, दोन मुली आहेत, संसार चांगला चालला आहे असे ऐकते.

लोक मला सांगतात की शेवटी त्याच मुलाशी झाले, मग एवढा तमाशा कशाला केलास. मी केलेली तक्रार बरोबर होती. आजही मी ती करीन. चूक दुसरी आहे. त्या चाळीस दिवसांत मी एकदाही पूर्वीला भेटायला गेले नाही. अर्जदाराने भेटायचे नसते, असा नियम आहे, असे मी जाहिदाला सांगितले. असा नियम नव्हता. मला तिच्यासमोर जाण्याची भीती वाटली. दोन गुंठे ही त्याची भरपाई नाही, भरपाई अशी होत नाही. माझ्या घरच्या मुलीला मी स्वतःहून काही दिले, एवढाच त्याचा अर्थ घ्यावा.

८. माझी स्कूटी केंद्रात स्वयंपाक करणाऱ्या मेघालीला. तिने आधी लायसन काढावे.

९. मी गेल्यावर अंत्यविधी उरकून घ्यावा. केंद्र बंद ठेवू नये. मुलांना जेवण रोजच्या वेळेवर मिळावे.

१०. हा परिच्छेद सह्यांपूर्वी जोडला आहे. वकिलांनी सांगितले होते की साक्षीदार असा असावा, ज्याला या कागदातून काही मिळत नाही. एक साक्षीदार माझे निवृत्त सहकारी दामू गुरुजी. दुसरे नाव मला चांगदेवचेच सुचले. निरोप मेहरीनने नेला. तो येईल असे तिला वाटले नव्हते. आज सकाळी अकरा वाजता तो आला. पाणी घेतले. चष्मा लावून पहिल्यापासून सगळे वाचले. सातव्या कलमावर बराच वेळ थांबला.

मला वाटले गोडाऊनचे बोलेल. तो म्हणाला, "तिचं सासरचं नाव लिव. नुसतं पूर्वी लिवशील तं तलाठी खेपा घालवील." म्हणून नोंदवते: कलम सातमधील पूर्वी म्हणजे सौ. पूर्वी भावेश केणे, राहणार पडघा.

मग कागदावरून नजर न काढता तो म्हणाला, "दर आयतवारी आमी तिला भेटाय जायचो. ती पयलं इचारायची, आत्या आली का."

मी विचारले, "तेव्हा का नाही सांगितलंस?"

तो म्हणाला, "सांगितलं आसतं तं तू गेली आसतीस."

मी हे दोघांचेही शब्द जसेच्या तसे लिहून घेतले आणि त्याला वाचायला दिले. चुकले असेल तर खोडून देते, असे मी म्हणाले. त्याने मान हलवली आणि पेन मागितले.

वरील सर्व मजकूर मी लिहिला, वाचला आणि मला मान्य आहे. माझ्यासमोर दोन्ही साक्षीदारांनी व त्यांच्यासमोर मी सही केली आहे.

ठिकाण: निजामपुरा, भिवंडी
तारीख: १८ जानेवारी २०२६

सही: पुतळाबाई नामा म्हात्रे

साक्षीदार:
१. दामू गोविंद भोईर, निवृत्त शिक्षक, राहणार भिवंडी
२. चांगदेव नामा म्हात्रे, राहणार कोन. सर्व वाचले. खरे आहे.